‘इटालियन’, ‘कपूर’, ‘लखनवी’: हर्ब्जच्या पाकिटावरची नावं वाचायची कशी?

पाऊस ओसरला की नाशकात गच्च्यांवरच्या कुंड्यांची माती खालीवर होते आणि बियांची पाकिटं घरपोच यायला लागतात. ‘दहा हर्ब्जचा कॉम्बो’ उघडला तर त्यात बेसिल, स्वीट बेसिल, इटालियन बेसिल आणि जेनोवेझे बेसिल अशी चार पाकिटं निघतात. ही चार वेगळी झाडं, की एकच झाड चारदा विकलंय? ओरेगॅनो पेरलं, रोप जोमात आलं, पण पान चुरडलं तर वास शून्य. ‘पान ओवा’ म्हणून बी मागवलं आणि वर आली बारीक, शेपूसारख्या पानांची काडी. अशा वेळी दोष बियाण्याला दिला जातो. बी बहुतेकदा ठणठणीत असतं, घोळ नावाचा असतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. त्यात पाकिटावर क्यूआर कोड असावा असं म्हटलंय. तो कोड काय सांगेल आणि काय सांगणार नाही, हे समजायलाही आधी नाव वाचता यायला हवं.

एका ओळीत तीन नावं

नाशिककराला हे द्राक्षावरून चटकन कळेल. द्राक्ष ही प्रजाती, म्हणजे निसर्गातला एक गट. त्याला लॅटिनमध्ये दोन शब्दांचं नाव असतं. थॉमसन सीडलेस हा वाण, म्हणजे माणसाने निवडून टिकवलेला, ठरावीक गुणांचा प्रकार. सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश हे थॉमसनमधूनच पुढे निवडलेले वाण. आणि पेटीवर ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ छापलं असेल तर तो झाला विक्रीचा शब्द. बागेत उभं राहून ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’चा वेल कुणी दाखवत नाही.

हर्ब्जच्या पाकिटावर हे तिन्ही प्रकार एकाच टायपात, एकाच ओळीत येतात. ‘प्रीमियम इटालियन लार्ज लीफ बेसिल हायब्रिड’ यात बेसिल ही प्रजाती आणि इटालियन लार्ज लीफ हा वाण. ‘प्रीमियम’ आणि ‘हायब्रिड’ वगळून वाचलं तरी काही बिघडत नाही.

एक फरक मात्र मोठा आहे. द्राक्षाचा वेल कलमाने वाढतो, त्यामुळे प्रत्येक वेल मूळ वेलाची नक्कल असतो. हर्ब्ज बियांपासून येतात, आणि बी धरताना मधमाशी कुठल्या फुलावरून कुठे गेली हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून बियांच्या पाकिटावरचं वाणाचं नाव हे एक वचन आहे: बीजोत्पादनाचा प्लॉट इतर वाणांपासून लांब ठेवला होता आणि त्यातली वेगळी दिसणारी झाडं वेळेत उपटून टाकली होती. हे काम कुणी केलं नसेल तर नाव बरोबर असूनही झाडं भेसळीची निघतात.

खऱ्या वाणाच्या नावामागे पत्ता असतो. कांद्याच्या ‘एन-५३’मधला ‘एन’ निफाडचा. ‘बसवंत ७८०’ पिंपळगाव बसवंतचा. ‘पुसा कसुरी’ ही दिल्लीच्या पुसा संस्थेची मेथी, ‘कोकण कस्तुरी’ ही दापोलीच्या विद्यापीठाची कोथिंबीर. ‘सुपर ग्रीन देशी धनिया’ या नावाचा माग काढायला गेलात तर विक्रेत्याच्या दारापलीकडे काही सापडत नाही.

लॅटिन नावंही बदलतात, मग भरवसा कसा ठेवायचा?

शंका रास्त आहे. तुळशीचंच बघा. झाडांना दोन शब्दांची नावं देण्याची रीत घालणाऱ्या कार्ल लिनियसने १७५३ मध्ये तिला ओसिमम टेन्युइफ्लोरम म्हटलं आणि १७६७ मध्ये ओसिमम सँक्टम. नंतर लक्षात आलं की दोन्ही नावं एकाच झाडाची आहेत. नियम असा की आधीचं नाव टिकतं, म्हणून टेन्युइफ्लोरम. आयुर्वेदाच्या पुस्तकांत आणि बऱ्याच पाकिटांवर अजून सँक्टम छापतात. दोन्ही ठीक. रोझमेरीही रोझमॅरिनसमधून उचलून साल्विया गणात (गण म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) टाकली गेली, त्यामुळे पाकिटावर कुठलंही एक दिसू शकतं.

कामापुरतं एवढं लक्षात ठेवा: एका झाडाची दोन लॅटिन नावं सापडतील, पण एका लॅटिन नावाखाली दोन वेगळी झाडं सहसा सापडत नाहीत. बोलीतल्या नावांचं नेमकं उलटं आहे.

तुळशीच्या घरातली गर्दी

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा सावकाश घेऊ.

राम तुळस आणि कृष्ण तुळस या दोन प्रजाती नाहीत. दोन्ही टेन्युइफ्लोरमच, एक हिरवी आणि एक जांभळट. कृष्ण तुळशीचं बी पेरलं आणि निम्मी रोपं हिरवी आली तर बी नकली ठरत नाही. शेजारी राम तुळस फुलात होती एवढाच त्याचा अर्थ. शिवाय सावलीत जांभळा रंग फिका पडतो. रोपाला सहा-आठ पानं येईपर्यंत, तेही उन्हात, रंगावरून निकाल देऊ नये.

रानतुळस ही वेगळी प्रजाती, ओसिमम ग्रॅटिसिमम. कमरेच्या वर जाणारं झुडूप, पान मोठं, वास लवंगेकडे झुकणारा. ती आठ इंची कुंडीत लावली की महिन्याभरात पानं पिवळी पडायला लागतात, कारण मुळांना जागा उरत नाही.

आता ‘कपूर’. आपल्याकडे कापूर तुळस म्हणजे ओसिमम किलिमांजारिकम, पान चुरडलं की सरळ कापराचा वास. पण अमेरिकेतल्या बियांच्या व्यापारात ‘होली बेसिल’ किंवा ‘कपूर’ म्हणून जे बी फिरतं ते पुष्कळदा ओसिमम आफ्रिकॅनम असतं. ही झटपट उगवणारी, लवकर फुलणारी, गोडसर वासाची तिसरीच प्रजाती. परदेशातून आलेल्या ‘होली बेसिल’चं रोप वृंदावनात लावलं आणि ते तुळशीसारखं दिसेना, तर बहुधा हेच झालेलं असतं.

सब्जा आणि बेसिल मात्र एकच प्रजाती, ओसिमम बॅसिलिकम. मग फालुद्यासाठी आणलेला सब्जा पेरून पास्त्यात टाकायचं बेसिल मिळेल का? झाड येईल, चव येणार नाही. आपल्याकडच्या सब्ज्याच्या पानात सहसा मिथाइल चॅव्हिकॉल हे सुगंधी द्रव्य जास्त असतं, त्यामुळे वास बडीशेपेकडे जातो. जेनोवेझे गटात लिनलूल आणि युजेनॉलचा भाग मोठा, त्यामुळे वास मऊ आणि थोडा लवंगेचा. थाई बेसिलचा वासही बडीशेपेचाच. ‘सायम क्वीन’ हा त्यातला नावाजलेला वाण. त्यामुळे ‘जेनोवेझे’ पेरलं आणि पानाला बडीशेपेचा वास आला, तर पाकिटात बहुधा सब्जा किंवा थाई बेसिल होतं असं समजा.

जेनोवेझे या नावाला इटलीत २००५ पासून भौगोलिक संरक्षण आहे, पण ते लिगुरिया भागात पिकलेल्या पानाला. बियांच्या पाकिटावर हा शब्द कुणीही, कुठेही छापू शकतो. सुरुवातीच्या चार पाकिटांचं उत्तर आता देता येतं. बेसिल आणि स्वीट बेसिल म्हणजे नुसती प्रजाती सांगणं. इटालियन लार्ज लीफ आणि जेनोवेझे हे जवळचे पण वेगळे वाण. कॉम्बोत चारही पाकिटांत एकच बी असण्याची शक्यताही आहेच. प्रत्येकातल्या पाच-पाच बिया शेजारी पेरून पाहिल्या की पंचेचाळीस दिवसांत कळतं.

काही नावांना शेपूट असतं, जसं ‘डीएमआर’. म्हणजे डाऊनी मिल्ड्यू या पानांवरच्या रोगाला दाद न देणारा वाण. द्राक्षवाल्यांच्या पोटात डाऊनी म्हटलं की गोळा येतो, म्हणून इथेच सांगतो: बेसिलची डाऊनी वेगळ्या बुरशीची असते, ती द्राक्षावर जात नाही आणि द्राक्षाची बेसिलवर येत नाही.

ओवा, पान ओवा, ओरेगॅनो, मरवा

लोक नाव देतात ते नाकाने. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या दोन सुगंधी द्रव्यांचा वास जिथे आला तिथे ‘ओवा’ किंवा ‘ओरेगॅनो’ हे नाव चिकटलं, मग झाडांचं नातं असो नसो.

मसाल्याच्या डब्यातला ओवा हा धने-जिऱ्याच्या कुळातला, बारीक चिरलेल्या पानांचा. भजी करतात तो पान ओवा तुळशीच्या कुळातला, जाड लुसलुशीत लवदार पानांचा. त्याचं लॅटिन नाव कोलियस अँबोइनिकस, जुन्या पाकिटांवर प्लेक्ट्रँथस. इंग्रजीत त्यालाच क्यूबन ओरेगॅनो म्हणतात. तो फांदीवर लागतो, बियांपासून कुणी लावत नाही. म्हणून ‘पान ओवा बियाणे’ असं पाकीट दिसलं तर आत डब्यातला ओवा आहे असं धरून चाला. नर्सरीतून किंवा शेजाऱ्याकडून वीतभर फांदी आणा, खालची पानं काढा, एक दिवस सावलीत सुकू द्या आणि ओलसर मातीत खोचा. पाणी बेताचं. पावसाळ्यात ही फांदी कुजते ती जास्त पाण्याने.

पिझ्झ्यावरचा ओरेगॅनो म्हणजे ओरिगॅनम व्हल्गेर, पण एवढ्यावर थांबलं तर फसगत होते. या प्रजातीच्या अनेक उपप्रजाती आहेत. नुसतं ‘ओरिगॅनम व्हल्गेर’ लिहिलेल्या पाकिटातून बहुतेकदा गुलाबी-जांभळ्या फुलांचं, दिसायला देखणं आणि वासाला फिकं झाड येतं. तिखट वासाचं हवं असेल तर तिसरा शब्द शोधा: ‘हिर्टम’. त्याची फुलं पांढरी. ग्रीक ओरेगॅनो म्हणतात तो हाच. मेक्सिकन ओरेगॅनो तर कुळानेच वेगळा, घाणेरीच्या कुळातला.

गजऱ्यातला मरवा हाही ओरिगॅनमच, ओरिगॅनम मेजोराना. पाकिटावर तो ‘स्वीट मार्जोरम’ होऊन येतो आणि चौपट भावाने विकला जातो. फुलबाजारातल्या मरव्याची ताजी मुळवाली काडी मिळाली तर पाकीट घ्यायची गरज नाही.

जाता जाता शेपू. ‘डिल’ म्हणून येणारी ‘फर्नलीफ’, ‘मॅमथ’ वगैरे पाकिटं शेपूचीच आहेत. शेपूचं बी म्हणजे बाळंतशेप, बडीशेप हे दुसरं झाड. युरोपातल्या डिलचा वास आपल्या शेपूपेक्षा सौम्य. भाजीसाठी परदेशी डिल आणणं हा निव्वळ उधळेपणा आहे.

वाणासारखी दिसणारी, पण वाण नसलेली नावं

लखनवी बडीशेप हा वाण नाही. दाणा पुरता भरण्याआधी, निम्म्या आकाराचा असतानाच तोडला आणि सावलीत वाळवला की ती बारीक, हिरवी, गोड बडीशेप होते. ती पेरलीत तर उगवणार नाही किंवा मरतुकडी उगवेल, कारण दाणाच कच्चा आहे.

मुंबईकडची समुद्र मेथी ही वाळूत दाट पेरून कोवळी उपटलेली साधी मेथी. नाव पिकवण्याच्या रीतीचं आहे.

कसुरी मेथी मात्र खरोखर वेगळी प्रजाती आहे, ट्रायगोनेला कॉर्निक्युलाटा. दाणा साध्या मेथीपेक्षा लक्षणीय बारीक, रोप सुरुवातीला जमिनीलगत पसरतं, वाढ संथ, फुलं पिवळीधमक, शेंगा कोयत्यासारख्या वळलेल्या आणि झुबक्याने येणाऱ्या. साध्या मेथीची शेंग लांब आणि एकटी-दुकटी. ‘कसुरी’ पाकिटातला दाणा स्वयंपाकघरातल्या मेथीदाण्याशेजारी ठेवून बघा. आकार सारखा असेल तर पाकीट परत करा.

‘हायब्रिड कोथिंबीर’ हा शब्दही तपासून घ्या. कोथिंबिरीची फुलं इतकी चिमुकली की हाताने संकर करून स्वस्तात बी विकणं परवडत नाही. तिथे हायब्रिड हा बहुधा जाहिरातीचा शब्द. ‘नॉन-जीएमओ’चंही तेच. भारतात शेतकऱ्याच्या शेतात परवानगीने व्यापारी लागवड होणारं जनुक बदललेलं पीक म्हणजे बीटी कापूस, २००२ पासून. बेसिलच्या पाकिटावर ‘नॉन-जीएमओ’ लिहून काहीच वेगळं सांगितलं जात नाही.

ज्यांचं बी घ्यायचंच नाही

काही झाडं बी धरत नाहीत किंवा बियांतून आपला गुण पुढे देत नाहीत. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि साधा पुदिना यांचा वांझ संकर आहे. ‘पेपरमिंट सीड्स’मधून उगवतं ते कुठल्यातरी पुदिन्याचं मिश्र रोप. भाजीवाल्याकडच्या पुदिन्याच्या जुडीतल्या चार जाड काड्या ग्लासात ठेवल्या तर आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. त्यावर पैसे घालवू नका.

फ्रेंच टॅरॅगॉन, जी आपल्या दवण्याची नातेवाईक, तिलाही उगवणारं बी धरत नाही. त्या नावाच्या पाकिटातून रशियन टॅरॅगॉन येते, उंच आणि बेचव. ‘आफ्रिकन ब्लू’ बेसिल वांझ आहे, त्याचं बी विकणारा सरळ फसवतोय. लॅव्हेंडरमधले ‘ग्रोसो’सारखे लॅव्हेंडिन, म्हणजे संकरित, वाणही तसेच. गवती चहा आपल्याकडे क्वचितच फुलतो, म्हणून लेमनग्रासच्या पाकिटात सहसा त्याचा भाऊबंद, तेलासाठी लावतात तो सिंबोपोगॉन फ्लेक्सुओसस असतो. चहासाठी मुळासकट एक ठोंब आणा.

‘किराण्यातले धने पेरले तरी कोथिंबीर येतेच की!’

येते. धने जुने नसले, भाजलेले नसले तर चांगली येते. पण मसाल्याच्या धन्याचा वाण निवडलेला असतो दाण्यासाठी, म्हणजे लवकर फुलून दाणा भरावा यासाठी. तुम्हाला हवं नेमकं उलटं. ‘स्लो बोल्ट’ लिहिलेला वाण दांडा उशिरा काढतो. उशिरा म्हणजे कधीच नाही असं मात्र नव्हे. एप्रिलच्या चाळीस अंशांत नाशकात कुठलीही कोथिंबीर तग धरत नाही, फुलावर जातेच. ऑक्टोबर ते जानेवारी पेरा.

पेरण्याआधी धने चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन भाग करा. अख्ख्या धन्यात दोन बिया असतात, न फोडता पेरलं तर जोडीने, दाटीने उगवतं. दहा-बारा तास भिजवा, एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरा. आठ ते पंधरा दिवस थांबा. लोक आठव्या दिवशी कंटाळून माती उकरतात आणि फुटलेला कोंब मोडतात.

उलटी चूक जास्त धोक्याची. बियाण्याच्या दुकानातले धने किंवा मेथी गुलाबी-लाल रंगाची असेल तर तिला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते बी फोडणीत नको, आणि त्याचे मायक्रोग्रीन्स तर मुळीच नकोत.

कायदा काय म्हणतो?

१९६६ च्या बियाणे कायद्याचा मुख्य भर अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, पिकांवर आणि वाणांवर आहे. त्यांच्या पाकिटावर पीक, वाण, लॉट नंबर (बियाण्याच्या खेपेचा क्रमांक), उगवणीची टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख, मुदत आणि उत्पादकाचा पत्ता लागतो. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं. हिरवट लेबल म्हणजे ‘ट्रुथफुल’, म्हणजे गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर देतोय. बाहेरच्या यंत्रणेने प्लॉट तपासलेला नाही. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याकडे परवाना हवा आणि त्याने बिल द्यायला हवं.

क्यूआर कोडमुळे लॉट कुठून आला, कुणी पॅक केला हे कळेल, आणि ते मोलाचं आहे. पण उत्पादकाने ‘ओरेगॅनो’ एवढंच नोंदवलं असेल तर कोडही ‘ओरेगॅनो’ एवढंच सांगेल.

घरच्या परसात धरलेलं बी घरूनच शेजाऱ्याला पेरायला दिलं तर १९६६ चा कायदा आड येत नाही. बी वाटण्याच्या कार्यक्रमांना लोक उगाच बिचकतात.

पाकीट हातात आल्यावर

आधी लॅटिन नाव, वाण, लॉट नंबर आणि चाचणीची तारीख शोधा. चारांपैकी लॅटिन नाव नसेल तर बाकी तिन्हींचा उपयोग अर्धा.

मग बी पांढऱ्या कागदावर ओता. बेसिलच्या एका ग्रॅममध्ये साधारण सहा-सातशे बिया, दिसायला सब्जाच. काळ्या-करड्या ठिपक्यांच्या चकचकीत असतील तर तो चिया. ओरेगॅनोचं बी खसखशीहून बारीक, ग्रॅममध्ये दहा हजारांच्या घरात. ‘ओरेगॅनो, ५० बिया’ या पाकिटात तिळाएवढा दाणा निघाला तर पुढे पेरायचे कष्टही घेऊ नका.

ओल्या टिश्यू पेपरवर २० बिया डब्यात झाकून ठेवा. मेथी दोन-चार दिवसांत, बेसिल आठवड्यात, पार्सली दोन-तीन आठवड्यांत फुटते. रोझमेरीला महिना लागतो आणि वीसातल्या पाच आल्या तरी खूप. ओरेगॅनो आणि थाईमचं बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही. त्यांना उजेड लागतो. ही चूक सर्रास होते आणि खापर कंपनीवर फुटतं.

रोपांचा फोटो काढून मोबाइलमधल्या ॲपला विचारलं तर? प्रजाती साधारण बरोबर सांगेल. वाण किंवा वास फोटोत येत नाही.

ओरेगॅनोसाठी खात्रीची वाट एकच. २५-३० रोपं करा, सहा-आठ आठवडे भरपूर उन्हात वाढवा, मग एकेक पान चुरडून हुंगा. दर चार-पाच रोपांनंतर थोडं थांबा, नाक बधिर होतं. ज्यांचा वास सर्वांत तिखट अशी दोन-तीन ठेवा आणि पुढे त्यांच्याच फांद्या लावा. ती तुमची झाडं, बियांच्या पाकिटाशी त्यांचा संबंध संपला.

तक्रार करायची झाली तर पाकीट, लेबल, बिल आणि थोडं उरलेलं बी लागतं. ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात द्यावं. चाळीस रुपयांच्या पाकिटासाठी कुणी जात नाही हे खरंच आहे, पण अर्धा एकर बेसिल लावणाऱ्याने पेरणीच्या दिवशीच हे चारही एका पिशवीत घालून ठेवावं. आणि पुढच्या वर्षासाठी स्वतः बी धरणार असाल तर सब्जा आणि जेनोवेझे एकाच गच्चीवर एकाच वेळी फुलू देऊ नका. ज्याचं बी हवंय त्याच्या मंजिऱ्यांवर मधमाशी शिरणार नाही अशी बारीक जाळीची पिशवी बांधा, तुरे रोज हलकेच हलवा, आणि पुडीवर लॅटिन नाव, वाण, मूळ पाकिटाचा लॉट नंबर व बी काढल्याचा महिना पेन्सिलने लिहा. शाई ओलाव्याने पसरते.